दगड्याच्या राखणीचा हिवाळा

पौष लागला की मला राग येतो.

इतरांना या दिवसांत छान छान काही आठवत असतं. शेकोटी आठवते, पतंग आठवतात, कुणाला शाळेच्या सहलीत खाल्लेल्या संत्र्यांच्या फोडी आठवतात. माझी सून जरीपटक्याच्या बाजारातून तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन येते, मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवते आणि तो हिरवट, मातकट वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत येतो. "आई, तुम्हाला आवडतात ना?" ती विचारते. आवडतात. खातेही मी. पण दाणा दाताखाली फुटतो न फुटतो तोच जबडा आवळला जातो आणि मी घास तसाच तोंडात ठेवून बसते. सत्तरी ओलांडली तरी हे जात नाही. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात. मी झाले नाही. व्हायचं कारणही मला दिसत नाही.

तूर पौषात माणसाएवढी उंच होते. आत शिरलेलं काही दिसत नाही. वारा नसताना शेंगा खुळखुळल्या की समजायचं, आत कुणीतरी आहे. हे मला मायनं शिकवलं. माय म्हणजे माझी सासू. सगळी वस्तीच तिला माय म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले.

मी नागपुरातली. वडील सरकारी कचेरीत शिपाई, घर दोन खोल्यांचं, मी मॅट्रिक पास. लग्न झालं ते हिंगण्याच्या पलीकडे चार मैलांवरच्या एका खेड्यात. नवरा, देविदास, हिंगण्याच्या नव्या कारखान्यात पाळीवर जायचा, सायकलनं. सासरे मी जायच्या आधीच वारले होते. त्यांनी गिरणीत बारा वर्षं राबून तीन एकर जमीन घेतली होती, नाल्याच्या काठची, दगडगोट्यांची. त्या तीन एकरांत ज्वारी, थोडी तूर, आणि बांधाला लागून काट्यांच्या कुंपणात बावीस शेळ्या. त्या शेळ्यांवर घर चालायचं. आणि त्या शेळ्या चालायच्या मायच्या कुत्र्यांवर.

मायची कुत्री म्हणजे पंचक्रोशीत बोलायची गोष्ट होती. दर वर्षी पावसाळा सरला की काठेवाडी लोक मेंढ्या घेऊन आमच्या भागात उतरायचे, कापूस वेचून झालेल्या शेतांत मेंढ्या बसवायचे. त्यांच्या तांड्यातल्या एका बाईशी मायची मैत्री होती. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नसे, तरी तासन् तास बोलायच्या. त्या बाईनं मायला एक पिल्लू दिलं होतं, ती मैना. आणि मैनेच्या पिल्लांतलं एक मायनं ठेवलं, तो दगड्या. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सहा आठवड्यांचा होता. राखेच्या रंगाचा, डोकं अंगापेक्षा मोठं.

मी शहरातली मुलगी. पिल्लू दिसलं की उचलावं, गालाला लावावं, एवढंच मला माहीत. मी हात पुढे केला आणि मायनं माझ्या मनगटावर चापट मारली. जोरात. नव्या नवरीला.

"हात नको लावू वं त्याले."

"काहून? चावते का?"

"चावत नाई. लळा लागते. माणसाचा लळा लागला का तो तुह्या मांगं येईन, बकरीच्या मांगं नाई जाणार. आपल्याले मांगं येणारं कुत्रं नाई पायजे."

मग तिनं त्याला मानेच्या कातड्याला धरून कुंपणात नेलं आणि एका शेळीजवळ ठेवलं. तिचं करडू दोन दिवसांपूर्वी मेलं होतं. आधी त्या शेळीच्या बसायच्या जागेचा पालापाचोळा घेऊन पिल्लाच्या अंगावर चोळला. शेळीनं हुंगलं, फुरफुरली, एक लाथ मारली, पुन्हा हुंगलं. तिसऱ्या दिवशी पिल्लू तिच्या पोटाशी झोपलेलं मी पाहिलं. त्यानंतर दगड्या घरात कधी आला नाही. त्याचं खाणंही कुंपणातच, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकर. ती ठेवायचं काम माझं. ठेवायची आणि निघायचं. थांबायचं नाही, बोलायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. मी कुंपणाबाहेर जाऊन काट्यांच्या फटीतून बघत बसायची. ते मायला माहीत होतं. तेवढं तिनं मला करू दिलं.

तो चार महिन्यांचा झाला आणि त्याला खेळायची हुक्की आली. करडांच्या मागे धावायचा. एक दिवस एका करडाचा कान त्यानं फाडला. मला वाटलं, आता माय त्याला बदडणार. तिनं मारलं नाही. बाभळीचा एक ओंडका दोरीला बांधून त्याच्या गळ्यात अडकवला, गुडघ्यापर्यंत लोंबेल असा. धावलं की तो ओंडका पुढच्या पायांवर बसायचा. गुरांच्या गळ्यात लोढणं घालतात, तसंच. आणि कळपातली सगळ्यात तिरसट शेळी होती, तिला आम्ही फौजदारीण म्हणायचो, तिच्यासोबत त्याला वेगळं ठेवलं. फौजदारीण त्याला दिवसातून दहादा ढुशी मारायची. महिन्याभरात त्याला कळलं की शेळीपुढे मान खाली घालायची असते. लोढणं काढलं तेव्हा तो कुणाच्या मागे धावला नाही. फौजदारीण जिथे बसली तिथे जाऊन बसला. त्या दोघांचं तेव्हापासून जमलं ते जमलंच.

"पाठलाग करणारं कुत्रं शिकारीचं," माय म्हणायची. "राखणीचं कुत्रं मधात उभं राह्यते. तेवढंच त्याचं काम. मधात उभं राह्याचं."

त्याच्या खऱ्या परीक्षेचा दिवस मला लख्ख आठवतो. एक शेळी भर दुपारी बोराच्या झाडाखाली व्यायली. ओलं, चिकट करडू जमिनीवर पडलं, रक्ताचा वास सुटला. दगड्या दहा हातांवर उभा होता. मायनं माझा दंड धरून ठेवला, मला पुढे जाऊ दिलं नाही. तो हळूहळू आला, मान खाली, शेपूट खाली. करडाला हुंगलं. शेळीकडे पाहिलं, जणू विचारलं. आणि मग चाटायला लागला. कानापासून खुरापर्यंत त्यानं ते करडू चाटून कोरडं केलं. मायचे डोळे भरले होते. ती मला म्हणाली, "झालं. आता हा कुत्रा नाई राह्यला."

हे सगळं मी एवढं सविस्तर का सांगते? कारण नंतर एका माणसानं चार लोकांसमोर म्हटलं की हा कुत्रा वासरं फाडतो.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा तो हिवाळा. दगड्या दीड वर्षाचा झाला होता, मैना म्हातारी होऊन अंगणात पडून असायची, आणि कळपाची राखण पहिल्यांदाच एकट्या दगड्यावर आली होती. देविदासनं कारखान्याच्या भंगारातला जाड पट्टा आणून, त्याला बाहेरून टोकं येतील असे खिळे ठोकून दगड्याच्या गळ्याला बांधला होता. त्या वर्षी नाल्याच्या पट्ट्यात लांडग्यांची एक जोडी फिरत होती. दिवस मावळायच्या सुमाराला मी आणि माय शेळ्या घेऊन परतत होतो. उजवीकडे आमची तूर. वारा नव्हता. आणि शेंगा खुळखुळल्या.

मी काही म्हणायच्या आत दगड्या शेळ्या आणि तूर यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला होता. भुंकला नाही. छातीतून एक आवाज काढला, जातं फिरल्यासारखा. तुरीतून पहिला लांडगा बाहेर आला, बारीक, पिवळसर, माझ्या कल्पनेपेक्षा खूपच लहान. दुसरा मागून वळसा घालत होता. दगड्या पहिल्यावर गेला नाही, दुसऱ्यावरही गेला नाही. मागे सरकत सरकत त्यानं सगळ्या शेळ्या बांधाला एकवटल्या आणि त्यांच्यापुढे आडवा झाला. एक झटापट झाली. धूळ, लाळ, खिळ्यांवर दात लागल्याचा आवाज. लांडगा केकाटून मागे हटला. दोघं तुरीत शिरले आणि नाल्याकडे निघून गेले. दगड्या त्यांच्या मागे दोन पावलंही गेला नाही. कान फाटला होता त्याचा. फौजदारीण त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

त्या दिवशीही मी त्याला हात लावला नाही. लावावा असं फार वाटलं. आज ते आठवलं तरी तळहात शिवशिवतात.

बापूराव हा गावच्या जुन्या मालगुजाराचा थोरला मुलगा. मालगुजारी गेली होती, तोरा गेला नव्हता. गावची दोन तृतीयांश जमीन अजून त्यांच्याच नावावर, त्यांच्या पडितात आमच्या शेळ्या चरायच्या, आणि त्या चरण्यासाठी माय वर्षाला त्यांच्याकडे पंधरा दिवस कापूस वेचून द्यायची. लांडग्यांची गोष्ट गावात झाली तसा बापूराव फटफटीवर बसून आमच्या शेतात आला. उतरला नाही. गाडी चालूच ठेवून बोलला.

"म्हातारे, हे कुत्रं मले दे."

"द्याले ते काई माह्यं नाई, मालक. ते बकऱ्यायचं हाय."

त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. ती खरं तेच सांगत होती. तो निघून गेला. फटफटीच्या धुरानं शेळ्या शिंकत राहिल्या.

चार दिवसांनी लांडग्यांनी त्याचं वासरू मारलं. त्याच्या तुरीच्या कडेला, भल्या सकाळी. त्याच्या सालदारानं, सालावर ठेवलेल्या गड्यानं, आरडाओरडा केला म्हणून ते खाल्लं नाही, टाकून पळाले. आमच्या दगड्यानं आमच्या शेळ्या राखल्या म्हणून ती जोडी तिकडे वळली, यात मला शंका नाही. आणि दोष त्याच्यावरच आला.

चावडीवर मायला बोलावणं आलं. मी तिच्यामागे गेले. बापूराव खाटेवर, पोलीस पाटील खुर्चीवर, आम्ही उभ्या. बापूरावानं सांगितलं, सालदारानं राखाडी कुत्रं पळताना पाहिलं. सालदार बाजूलाच उभा होता. मायनं त्याला विचारलं, "तू पाह्यलं गा?" तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

"मालक, वासराच्या मांडीले धरलं हाय," माय म्हणाली. "कुत्रं मांडीले धरून लोळवत नाई. अन् तुमच्या ओलीत केलेल्या गव्हात पावलं हायेत, दोघायची. या, मी दाखवतो."

"कुत्र्याचा पाय अन् लांडग्याचा पाय सारखाच राह्यते."

"नाई राह्यत. या ना पाहाले. चार पावलं तर हाय."

कुणी उठलं नाही. मला त्या क्षणी जितका राग आला तितका त्यानंतरच्या मोठमोठ्या अन्यायांचाही आला नाही. गव्हाचं शेत चावडीवरून दिसत होतं. पावलं तिथे होती. कुणालाही ती पाहायची नव्हती.

मग पोलीस पाटलानं घसा खाकरला आणि खरी गोष्ट बाहेर आली. वासरू अजून तिथेच पडलं होतं. "हे पाह्य," तो म्हणाला, "मालक काई वाईट माणूस नाई. कुत्र्याले गोळी घालाची त्यायलेबी हौस नाई. तुमी ते वासरू ओढून टाका, नाल्यापल्याड. पह्यले टाकत होते तसं. मंग कुत्र्याचं पाहू."

पह्यले टाकत होते तसं.

आमच्या लोकांनी छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली आणि परत येऊन मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावानं विहिरीवर येऊ दिलं नाही, कामाला बोलावलं नाही, दुकानातून मीठ दिलं नाही. सासरे गिरणीत गेले ते तेव्हाच. माय दोन उन्हाळे नाल्यात झिरा खोदून वाटी वाटीनं पाणी भरत होती. पण ढोर ओढलं नाही. गावानं शेवटी दुसरी सोय केली, शेजारच्या गावातून कुणाला तरी धान्य देऊन बोलावू लागले. सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं ते वाट पाहत होते.

माय एवढंच म्हणाली, "ते होणार नाई," आणि वळली.

"दोन दिवस देतो," बापूराव मागून म्हणाला.

घरी देविदास पाळीवरून आला, सगळं ऐकलं, हातपाय न धुताच बसून राहिला. मग भिंतीकडे पाहत म्हणाला, "एक वासरू तर हाय. एकदा ओढून टाकू, अन् मिटवू."

माय भाकर थापत होती. थांबली नाही. "एकदा?" ती म्हणाली. "अरे, एकदा असं काई राह्यतेच नाई. तुह्या बापाले बी त्यायनं हेच म्हटलं होतं. मी झिऱ्याचं पाणी पेली अन् तुलेबी तेच पाजलं. तुले काय वाटते, ते मले गोड लागत होतं?"

देविदास जेवला नाही.

आणि आता मी जे केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी माय शेळ्या घेऊन माळावर गेली होती. देविदास कामावर. मी घरात एकटी. मला दगड्याची छाती दिसत होती, आणि तिच्यातली गोळी दिसत होती. मला दुसरं काहीच दिसत नव्हतं. मी घरातलं एक पोतं घेतलं आणि बापूरावाच्या शेतात गेले.

वासरू तीन महिन्यांचं असेल. फुगलं होतं. माशा होत्या. मी आयुष्यात कधी मेलेलं ढोर जवळून पाहिलं नव्हतं, नागपुरात आमच्या घरी तो विषयही निघत नसे. मी त्याला पोत्यावर लोटलं आणि पोतं ओढत निघाले. नाल्यापल्याड जायचा रस्ता गावातून जात होता. भर दुपार, उन्हं स्वच्छ, आकाश निळंशार. पौषातलं ते सुंदर, थंड ऊन. बाया दारात आल्या. पोरं थोडं अंतर ठेवून मागे चालू लागली. माझ्या हातांना फोड आले, पदर खांद्यावरून सरकला, तो सावरायला हात मोकळा नव्हता. बापूराव त्याच्या ओसरीवर पान लावत बसला होता. मी समोरून जाताना त्यानं मान वर केली आणि म्हणाला,

"शाबास."

वाईट काही बोलला नाही. शिवी दिली नाही. शाबास म्हणाला. एखाद्या गुणी जनावराला म्हणावं तसं. मला पुढे नोकरी लागली, मी पंचवीस वर्षं अंगणवाडीत मुलं सांभाळली, शेकडो मुलांची पाठ थोपटली असेल. पण हा शब्द मी एकाही मुलाला म्हटला नाही.

संध्याकाळी माय आली. अंगणात पाऊल टाकताच तिला वास आला. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.  चुलीवर पाणी ठेवलं, मोरीत मला बसवलं, आणि लहान मुलीला घालावी तशी मला आंघोळ घातली. राखेनं पाठ घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या, नखं घासली. पाणी संपलं तर पुन्हा तापवलं. मी रडत होते. तिनं मला मारलं असतं, हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"कुत्र्यासाठी ओढलं ना?" ती अखेर म्हणाली.

मी मान हलवली.

"मले माहीत हाय. पण पोरी, आता त्यायलेबी माहीत झालं."

त्याचा अर्थ मला आठवड्याभरात कळला. बापूरावाचा कारभारी रस्त्यात भेटला आणि हसत म्हणाला, "मालकाचा पांढरा बैल काई खरा नाई बाप्पा. पडला का निरोप देतो. कुत्रं बरं हाय ना तुमचं?" वस्तीत आमच्यासारखी आणखी चार घरं होती. त्या घरांतल्या बायांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांचंही बरोबर होतं. सतरा वर्षं त्यांनी जे धरून ठेवलं होतं, ते मी एका दुपारी पोत्यावर घालून गावभर ओढलं होतं.

कारभाऱ्याचं बोलणं मी मायला सांगितलं.  दोन दिवसांनी काठेवाड्यांचा तांडा पलीकडच्या शिवारातून उठणार होता. माय सकाळीच तांड्यातल्या तिच्या मैत्रिणीला भेटून आली.

दगड्याला द्यायचं ठरलं, हे मला कुणी सांगितलं नाही. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. विचारण्याचा हक्क मी घालवला होता. तांडा आमच्या बांधावरून निघाला. उंट, मेंढ्या, डोक्यावर पितळी हंडे घेतलेल्या बाया. त्या बाईनं दगड्याच्या पट्ट्याला दोर बांधला आणि ओढला. तो हलला नाही. तिनं भाकर दाखवली, बघितलीसुद्धा नाही. दोघा माणसांनी ओढलं तर चारही पाय रोवून बसला आणि गळ्यातून असा आवाज काढला की त्यांनी दोर सोडला. आमच्या शेळ्या इथे होत्या. तो जाणार कसा?

माय कुंपणात गेली. फौजदारिणीला शिंगाला धरून बाहेर आणलं. तिच्यामागे तिची दोन करडं आली. मायनं त्या तिघांना त्या मेंढ्यांमध्ये सोडलं. फौजदारीण थोडी बावरली, मग नेहमीप्रमाणे एका मेंढीला ढुशी मारून पुढे झाली. दगड्या उठला. एकदा उरलेल्या कळपाकडे, एकदा फौजदारिणीकडे पाहिलं, आणि तिच्यामागे चालू लागला.

तांडा नाला उतरेपर्यंत मी बांधावर उभी होते. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पाहील कसा? तसं आम्हीच शिकवलं होतं. दीड वर्ष मी त्याला भाकर ठेवली, आणि त्याच्या लेखी मी कुणीच नव्हते. ज्याच्यासाठी मी वासरू ओढलं त्याला माझं नावही माहीत नव्हतं. हे दुःख आहे असं लोक म्हणतील. मला ते दुःख वाटत नाही. मला त्या माणसांचा राग येतो, ज्यांच्यामुळे असं शिकवलेलं जनावर, एवढं पूर्ण झालेलं काम, आम्हाला दारातून घालवावं लागलं.

आजकाल अशा गोष्टी निघाल्या की कुणीतरी म्हणतं, "तो काळच तसा होता." माझा नातूही म्हणतो. चांगला मुलगा आहे, इंजिनियर आहे. मी त्याला सांगते, काळ तसा नव्हता, माणसं तशी होती. मायही त्याच काळातली होती. तो सालदारही, ज्याला खरं माहीत होतं आणि जो अंगठ्यानं माती उकरत राहिला. काळाच्या डोक्यावर सगळं टाकलं की माणसं मोकळी होतात. मी कुणाला मोकळं करणार नाही. स्वतःलाही नाही.

तुरी कापल्या गेल्या, माघ लागला, आणि बापूरावाचा पांढरा बैल मेला. गोठ्यातच. कारभारी सकाळी आमच्या दाराशी आला. माय आत होती, मी अंगण झाडत होते.

"चला. बैल पडला."

"नाई येणार," मी म्हटलं.

"त्या दिवशी तर वासरू ओढलं."

"त्या दिवशी चुकलं माह्यं."

"मालक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

तो माझ्या खांद्यावरून आत पाहत होता, म्हातारी बाहेर येईल आणि काहीतरी बोलेल या आशेनं. माय आली नाही. तिनं मला एकटीला उभं राहू दिलं. कारभारी मग वस्तीतल्या बाकीच्या चार घरी गेला. चारही घरांतून तेच उत्तर मिळालं. शेजारच्या गावच्या माणसांनाही कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. ते धान्य घेऊनही यायला तयार झाले नाहीत. सांगणारं कोण, हे मला पुढे कळलं. देविदास. पाळीवरून परतताना सायकल वाकडी करून तो त्यांच्या वस्तीवर जाऊन आला होता. घरी एका शब्दानं बोलला नव्हता.

बापूरावानं पडितात चरणं बंद केलं. आम्हाला अर्ध्या शेळ्या विकाव्या लागल्या. पुढच्या पावसाळ्यात लांडग्यांनी आणखी तीन नेल्या, कारण राखायला कुणी नव्हतं. हे सगळं झालं आणि ते मी विसरलेले नाही. पण बैल तीन दिवस तिथेच पडून होता. वास आधी वाड्यात, मग गल्लीत, मग चावडीवर पोचला. त्यांची बाकीची गुरं दावी तोडून बाहेर पळाली. कावळे गोठ्याच्या कौलांवर बसून राहिले.

चौथ्या दिवशी मी आणि माय उरलेल्या शेळ्या घेऊन त्या वाटेनं चाललो होतो. बापूराव स्वतः धोतर खोचून उभा होता, नाकातोंडाला कापड गुंडाळलेलं. त्याचे दोन भाऊ, एक चुलतभाऊ, कारभारी, सगळे घरचे. त्यांनी शिंगांना दोर बांधला होता आणि ओढत होते. बैलाची मान वाकडी होऊन दाराच्या चौकटीत अडकली होती. ओढतील तेवढी ती जास्तच आवळत होती. एकाला वांती झाली. बापूरावानं वर पाहिलं, आणि त्याची नजर मायवर थांबली.

मायनं नवव्या वर्षापासून हे काम केलेलं होतं. दोर कुठे बांधायचा, कोणत्या अंगानं वळवायचं, चौकटीतून कसं काढायचं, हे तिला डोळे मिटून ठाऊक होतं. ती रस्त्यात थांबली. शेळ्याही थांबल्या. तिनं तो दोर पाहिला, ती गाठ पाहिली, त्या माणसांचे घामेजलेले, पांढरेफटक चेहरे एकेक करून नीट पाहिले.

आणि तिनं सांगितलं नाही.